नको म्हटल्यावर

नातीच्या शाळेत गृहपाठ होता. घरातल्या सगळ्यात जास्त फिरलेल्या माणसाला विचारायचं, की आपल्या एवढ्या मोठ्या देशातला तुमचा आवडता प्रदेश कोणता, आणि का. आमच्या घरात डोकं फिरलेली माणसं चार आहेत, पण तिकीट काढून फिरलेला मी एकटाच. राष्ट्रीयीकृत बँकेत 31 वर्षं नोकरी, त्यातली शेवटची 14 इन्स्पेक्शन खात्यात. म्हणजे पंधरा दिवस एका गावात, पंधरा दिवस दुसऱ्या. सकाळी शाखा उघडताना दारात हजर व्हायचं, रोकड मोजायची, किल्ल्यांचं रजिस्टर बघायचं, कर्जाच्या फायलींतून त्रुटी काढायच्या आणि संध्याकाळी लॉजवर येऊन पाय धुवायचे. घर सांगलीत, मिरज जंक्शन हाकेच्या अंतरावर. त्या जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ नांदत होते. तेव्हा निदान रुळांच्या बाबतीत तरी आमच्या भागात एकवाक्यतेचा आग्रह नव्हता.

नात पाचवीत आहे. पेन्सिलीला टोक करून समोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, एका शब्दात सांगा. बाईंनी दोनच ओळी सोडल्यात."

दोन ओळी! मी नुसत्या स्टेशनरीच्या साठ्यावर दोन पानं लिहिलेली आहेत.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यांना काय आवडलं ते विचारू नकोस गं. काय नाही आवडलं ते विचार, वही पुरणार नाही."

हे मला लागलं. इन्स्पेक्टरला फक्त दोषच दिसतात, हा समज शाखा मॅनेजरांनी पसरवलेला आहे, तो घरात यायला नको होता. मी कपाटातून जुनी लांबडी वही काढली, पट्टीने रकाने आखले: प्रदेश, दहापैकी गुण, शेरा. आणि नातीला इन्स्पेक्शनचे दोन मूळ नियम सांगितले. पहिला, आकड्यावर खाडाखोड झाली तर शेजारी सही हवी, सहीशिवाय खाडाखोड म्हणजे सरळ त्रुटी. दुसरा, नात्यातल्या माणसाचं खातं आपण तपासायचं नाही.

दुसऱ्या नियमाने घात केला. आमची ही इंदूरची. वहीत इंदूर लिहिलं आणि पुढचा रकाना मी नियमानुसार मोकळा सोडला. चहा ठेवायला आली तेव्हा तिने तो मोकळा रकाना पाहिला. तिला चष्मा लागतो, पण असल्या गोष्टींना लागत नाही.

"इंदूरपुढे काहीच नाही?"

"नात्यातलं खातं आहे. निरीक्षकाला तपासता येत नाही."

"चाळीस वर्षं होऊन गेली लग्नाला," ती म्हणाली. "अजून खातं चालू आहे हेच नशीब समजा."

असो. कामाला लागलो, तर पहिली अडचण अशी, की देशाचे भाग पाडायचे किती? सरकारने 1956च्या राज्यपुनर्रचना कायद्यात पाच प्रादेशिक परिषदा केल्या: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. ईशान्येची परिषद नंतर 1971च्या कायद्याने वेगळी झाली. या हिशेबाने महाराष्ट्र पश्चिमेत, गुजरात आणि गोव्याच्या पंगतीला. राजस्थान उत्तरेत. इंदूर मध्यात, उत्तर प्रदेशाबरोबर. इथवर ठीक. पण रेल्वेला विचारा. सांगली-मिरज मध्य रेल्वेत. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, जिचं मुख्यालय सिकंदराबादला. नागपूरच्या एकाच शहरात मध्य रेल्वेचाही विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. म्हणजे एकच राज्य पश्चिमेला आहे, मध्यात आहे, दक्षिण-मध्यात आहे, आणि नागपूरला थोडं दक्षिण-पूर्व-मध्यातही आहे. पंजाबात एका रोखपालाने मला सरळ "मद्रासी साब" म्हणून हाक मारली होती आणि तमिळनाडूत एका शिपायाने "नॉर्थ इंडियन" म्हणून माझी ओळख करून दिली होती. दोघांनाही दुरुस्त करायला गेलो नाही. होकायंत्र ज्याच्या त्याच्या खिशात असतं, आणि बहुतेकांचं उत्तरेऐवजी घराकडे वळतं.

मग हवेवर गुण द्यावेत म्हटलं. ते तर त्याहून अवघड. मेघालयातल्या मौसिनरामला वर्षाला सरासरी 11,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जैसलमेरला त्याचा पन्नासावा हिस्साही नाही. या दोघांना एकाच परीक्षेला कसं बसवणार? आणि हवेचं सोडा, देशात साधा दिवससुद्धा सगळीकडे सारखा उगवत नाही. पूर्व-पश्चिम अंतर 2,933 किलोमीटर आणि घड्याळ एकच. जून महिन्यात मी वरच्या आसामातल्या एका शाखेत होतो. पहिल्या सकाळी डोळे उघडले ते खिडकीतून लख्ख ऊन आलं म्हणून. झोपून राहिलो, शाखा उघडली असेल, रोकड मोजायची राहिली, आता आपलंच इन्स्पेक्शन होणार, अशा घाईत दाढी करताना गाल कापून घेतला. घड्याळ पाहिलं तर पावणेपाच. तिथल्या चहाच्या मळ्यांनी यावर इंग्रजांच्या काळापासून आपला तोडगा काढलेला आहे. त्यांचं 'बागान टाइम' आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे चालतं. मी मात्र बँकेच्या वेळेने बांधलेला. शाखा उघडेपर्यंत माझी आंघोळ, नाश्ता, वर्तमानपत्र आणि एक डुलकी झालेली असायची. उलट त्याच महिन्यात दुसऱ्या वर्षी कच्छात होतो, तिथे संध्याकाळी साडेसात वाजले तरी सूर्य उधारी मागायला आल्यासारखा दारात उभा.

निसर्गसौंदर्यावर गुण द्यायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. डोंगर चांगला दिसण्यात त्या प्रदेशातल्या माणसांचं काय कर्तृत्व?

खरी मेख मला वहीचं दुसरं पान उलटताना कळली, आणि ती मनाला फारशी सुखावह नव्हती. मी या देशातला कुठलाही प्रदेश त्याच्या घरच्या कपड्यांत पाहिलेलाच नाही. मी जायचो तेव्हा शाखेत फरशी पुसलेली असायची, कॅलेंडरं सरळ केलेली असायची, आणि मॅनेजरच्या घरी, नाही तर गावातल्या सगळ्यात बऱ्या हॉटेलात, माझ्या जेवणाची सोय झालेली असायची. अशा माणसाला "बिहारची माणसं कशी आहेत?" म्हणून विचारणं म्हणजे मुलगी पाहायला आलेल्याला "मुलीचा स्वभाव कसा?" विचारण्यासारखं आहे. त्याला कांदेपोहे चांगले होते एवढंच सांगता येईल.

मग म्हटलं, ठीक आहे. कांदेपोह्यांवरच घेऊ. ज्या गोष्टीचा पुरावा आपल्याकडे आहे तीच तपासावी. आणि माझ्याकडे पुरावा होता तो आग्रहाचा. काश्मीर सोडून (तिथे बदली निघाली आणि रद्द झाली) देशाच्या सगळ्या दिशांनी मला जेवायला वाढलेलं आहे, आणि सगळीकडे मी एकच प्रयोग केलेला आहे: "नको" म्हटलेलं आहे.

इथे मराठी 'नको'ची रचना समजावून सांगायला हवी. तिचे मजले तीन. पहिला 'नको' रीतीचा, तो पोळी ताटाजवळ यायच्या आतच म्हणायचा असतो. दुसरा भिडेचा, तो म्हणताना हात ताटावर आडवा जातो पण बोटांत फटी ठेवलेल्या असतात. तिसरा खरा. चांगली गृहिणी पहिले दोन ऐकतच नाही. कच्ची असली तर दुसऱ्यावर थांबते, आणि पाहुणा बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर भेळ खातो. हा हिशेब आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतो, त्यामुळे जगभर तो असाच असणार असं आम्ही धरून चालतो.

पंजाबला 'नको' हा शब्द ऐकूच जात नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या शाखेत 2001च्या हिवाळ्यात होतो. मॅनेजरच्या घरी परोठा आला, त्यावर लोण्याचा गोळा. दुसरा परोठा येताना दिसला म्हणून मी रीतीने हात आडवा धरला. बाईंनी तो हात पाहिला, मायेने उचलून बाजूला ठेवला, एखादी भांड्यावरची ताटली ठेवावी तसा, आणि परोठा वाढला. पुढे तिसऱ्या वेळी मी दोन्ही हात आडवे धरले तर त्यांना वाटलं मी दोन मागतोय. लस्सीचा ग्लास नव्हता तो, आमच्याकडे तेवढ्यात तान्ही मुलं न्हातात. मी शाखेच्या कर्जफायलींत सतरा त्रुटी काढल्या होत्या. त्या दुपारी जेवून उठलो तेव्हा मला त्यांतल्या चारच आठवत होत्या.

त्याच मुक्कामात घुमानला गेलो. आपले नामदेव उत्तरायुष्यात तिथे राहिले असं मानतात. त्यांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. मराठी साहित्य संमेलनसुद्धा पुढे 2015 साली तिथे भरलं. तिथल्या लंगरात मी पंगतीत बसलो. लंगरात रोटी ताटात पडत नाही, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यावी लागते. आता सांगा, ज्याचे दोन्ही हात ओंजळीत गुंतले तो आडवा कुठला धरणार? सेवेकरी "परशादा जी" म्हणत येत होते, जात होते, पुन्हा येत होते. नामदेव आमच्या शेजारच्या पंढरपूरचे, असं मी एकाला सांगितलं. त्याने हात जोडले आणि आणखी दोन रोट्या दिल्या. त्या दोन रोट्यांना नामदेवांचा हवाला होता, परत कशा करणार? पंजाब: 9. शेरा: पाहुण्याचं म्हणणं नोंदवून घेण्याची पद्धत नाही.

तमिळनाडूत आग्रह आहे, पण त्याला आवाज नाही. केळीचं पान, त्यावर पाण्याचा शिडकावा, भाताचा डोंगर. मग वाढपी एकामागून एक येतात: सांबार, रसम, ताक. विचारत नाहीत, थांबत नाहीत, चेहऱ्यावर काही दिसत नाही. ज्या ठिकाणी पान रिकामं दिसेल तिथे भरतात, रस्त्यातले खड्डे भरावेत तसे. मी "नको", "बस", "इनफ" असं तीन भाषांत म्हणून पाहिलं. चौथ्या दिवशी कळलं, की शब्द 'पोदुम' आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जेवण झाल्यावर पान मिटवायचं असतं, आपल्या बाजूला. पलीकडे मिटवायचं ते दु:खाच्या प्रसंगी. ही माहिती मला एका लग्नात मिळाली, पान पलीकडे मिटवून झाल्यानंतर, शेजारच्या आजोबांचा चेहरा पाहून. नवऱ्याकडचे लोक त्यानंतर बराच वेळ मी कुणाकडून आलोय याची चौकशी करत होते. शाखेच्या मॅनेजरने मला ओळखत नसल्याचा चांगला अभिनय केला.

तंजावरला मात्र माझी छाती जरा फुगली. तिथे मराठ्यांचं राज्य 1676च्या सुमारापासून 1855पर्यंत टिकलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, 1803 सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या वेळचा. मी पाहिला. भिंत संपेना आणि मजकूर संपेना. एवढा लांब अहवाल दगडात खोदणारी माणसं आपली, हे पाहून इन्स्पेक्शन खात्यातल्या माणसाला भरून येणं स्वाभाविक आहे. आपल्याला तर टायपिस्टसुद्धा मिळत नसे. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं अशी एक गोष्ट सांगतात. ती मी सांगलीत नेहमी ठासून सांगतो. तंजावरात, हातात सांबाराची बादली घेतलेला माणूस समोर उभा असताना, सांगितली नाही. तमिळनाडू: 8. अर्धा गुण मी माझाच कापला, पानाबद्दल, आणि तो कुठे लिहावा ते न कळल्याने सोडून दिला.

आता केरळ. केरळने माझा पार निकाल लावला.

पहिल्या दिवशी हॉटेलात ग्लासात कोमट, गुलाबीसर पाणी आलं. मी ग्लास उजेडाकडे धरला. गंजलेला पाइप! तीन दिवस मी तहान शहाळ्यावर भागवली आणि डायरीत "पिण्याच्या पाण्याची व्यवस्था असमाधानकारक" अशी नोंदही करून ठेवली. चौथ्या दिवशी शाखेतल्या एका बाईंनी सांगितलं, की ते 'पतिमुखम' नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं पाणी, गुणकारी असतं. नोंद खोडली. शेजारी सही केली.

पण ते काहीच नाही. त्याच बाईंच्या घरी रविवारी जेवायला बोलावणं आलं. पुट्टू, कडला करी, मग जाड लाल भात, मोरू करी, माशाचं तिखट लाल कालवण. वास असा, की मला सांगली विसरायला झालं. पहिलं वाढलेलं संपत आलं, बाई भात घेऊन आल्या. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "मति." मल्याळममध्ये पुरे म्हणायला 'मति' म्हणतात, एवढं शिकून गेलो होतो. आपल्याकडे 'मती गुंग होणे' म्हणतात ती मती निराळी, पण लवकरच दोन्ही एक होणार होत्या. कारण मी "मति" म्हटलं, आणि बाई हसून भात घेऊन परत गेल्या.

मी वाट पाहिली. दुसऱ्या फेरीला येतील. आल्या, हात धुवायचं पाणी कुठे आहे ते दाखवायला.

त्या माउलीचं काही चुकलं नव्हतं. मोठ्या माणसाने शब्द दिला, तिने तो मानला. देशात आजवर पहिल्या 'नको'ला ज्यांनी खरं मानलं असं ते एकच घर, आणि मी तिथून अर्धपोटी, कालवणाकडे मान वळवून बघत, बाहेर पडलो. रात्री बसस्टँडवर केळ्याची भजी, पळमपोरी, चार खाल्ली. केरळात शिकलेली माणसं फार, असं म्हणतात. मला वाटतं त्यांनी ऐकायलाही शिकवलंय, आणि ते आपल्यासारख्याला महागात पडतं. गुण देताना पेन थबकलं. प्रामाणिकपणाला दहा द्यावेत तर पोटाचा विरोध. शेवटी 7 दिले. शेरा: पाहुण्याच्या शब्दावर विसंबून राहण्याची प्रवृत्ती, सुधारणा आवश्यक.

बंगालचा आग्रह आरोपाच्या रूपात येतो. कोलकात्यातल्या एका उपव्यवस्थापकाच्या घरी मी भात, शुक्तो, बेगुनभाजा, दोन प्रकारचे मासे, चटणी, पापड आणि मिष्टी दोई एवढं सगळं संपवलं. पाठ टेकतोय तोच त्यांची आई खिन्न चेहऱ्याने म्हणाली, "किछुई तो खेलेन ना." म्हणजे काहीच खाल्लं नाहीत. हे वाक्य खालच्या आवाजात, नाटकाच्या तिसऱ्या अंकातल्यासारखं म्हटलं जातं आणि ऐकणाऱ्याला आपण घराण्याचा विश्वासघात केल्यासारखं वाटतं. 'नको' म्हणण्याची पाळीच येत नाही. आधी संदेशाचे दोन तुकडे खाऊन आपली बाजू मांडावी लागते.

मग त्या आजीने विचारलं, गाव कुठलं? मी सांगितलं, महाराष्ट्र. आजीने नातवाकडे पाहिलं, नातवाने माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "बर्गी?"

आपल्याकडे इतिहासाच्या तासाला ही बाजू घाईघाईत उरकतात. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या. 'बारगीर' या शब्दाचं तिकडे 'बर्गी' झालं आणि तिथल्या आया आजही मुलांना झोपवताना अंगाईत आमचं नाव घालतात. इंग्रजांनी कोलकात्याभोवती खंदक खणला तो आमच्या भीतीने, 'मराठा डिच' म्हणत त्याला. आता मी पडलो सांगलीचा, माझ्या आजोबांनी घोडा फक्त टांग्याला जुंपलेला पाहिला. पण तिथे मी अडीचशे वर्षांच्या जुन्या थकबाकीचा जामीनदार म्हणून बसलो होतो. आजी हसून म्हणाली ते मला नातवाने हिंदीत सांगितलं: तेव्हा चौथाई नेलीत, आता हे तरी पुरतं खाऊन जा. पुढ्यात सहा रसगुल्ले. बँकेच्या भाषेत याला एकरकमी परतफेड म्हणतात. पाच खाल्ले, सहाव्याला सवलत मागितली. मिळाली नाही.

(तोच रसगुल्ला ओडिशात गेल्यावर ओडिशाचा होतो. बंगालला त्याचं भौगोलिक मानांकन 2017मध्ये मिळालं, ओडिशाला आपल्या रसगोल्याचं 2019मध्ये. कटकमधल्या शाखेत मी सहज म्हणून कोलकात्याचं नाव काढलं होतं. त्यानंतर जी शांतता पसरली तशी मी फक्त तिजोरीत रोकड कमी निघाल्यावर अनुभवली आहे.) बंगाल: 9. ओडिशा: 8, दुपारी शाखेसकट सगळं गाव पेंगतं याबद्दल काही कापलेलं नाही, उलट तोच मला गुण वाटला.

राजस्थानात आग्रहाला स्वतंत्र शब्दच आहे, मनवार. शास्त्रच आहे ते. जोधपूरकडच्या एका खेड्यात बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी, आणि शेवटी यजमान स्वतः उठून घास आपल्या तोंडाशी आणतो. साठीतला, पगडी घातलेला, मिशा कानापर्यंत गेलेला गृहस्थ समोर वाकून "म्हारे हाथ सूं" म्हणतो तेव्हा तोंड आपोआप उघडतं. 'नको' म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि ते त्यांना पुरतं. 10 दिले असते, पण त्याच गृहस्थाचं पीककर्ज थकलेलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये दिसलं. 9.

लखनौबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलंय. मला तिथे "तकल्लुफ मत कीजिए" असं इतक्या वेळा म्हणाले, की मी तकल्लुफ म्हणजे एखादा पदार्थ असावा आणि तो संपत आला असावा, असं समजलो. बडोद्यात अर्धं गाव मराठी बोलतं आणि आमटीत साखर घालतं, त्यामुळे परदेशात आल्यासारखंही वाटत नाही आणि घरी आल्यासारखंही. हरियाणाचं एवढंच, की पानिपत बघायला गेलो आणि रिक्षावाल्याला "मराठे कहाँ लड़े थे?" विचारलं, तर तो म्हणाला, "साब, यहाँ तो सब लड़े थे."

खासी टेकड्यांमध्ये मला जेवणाचा आग्रह कुणी केलाच नाही. कारण त्याआधीच क्वाई आली. ओली सुपारी, पान आणि चुना. घरात पाऊल ठेवणाऱ्याला ती द्यायची, गरीब असो की श्रीमंत. सुपारी आपल्याकडे आपण खातो ती वाळकी, सभ्य. ही ओली होती. तोंडात टाकली आणि दोन मिनिटांत कान तापले, कपाळाला घाम फुटला, खुर्ची डोंगरावरून घसरतेय असं वाटून मी टेबल धरलं. यजमानांनी शांतपणे विचारलं, चहा घेणार? मी मान हलवली, ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मलाही माहीत नव्हतं. जुन्या काळी तिथे अंतर क्वाईत मोजायचे म्हणे, अमुक गाव म्हणजे तोंडातल्या इतक्या क्वाई संपतील इतकं लांब. माझ्या हिशेबाने मी दारापासून अर्ध्या क्वाईवरच पडलो असतो. 8, आणि हा गुण मी भिंतीला टेकून दिलेला आहे.

राहिला आपला मुलूख. सांगलीकडचा आग्रह मला विचाराल तर देशात सर्वोत्तम. "घ्या की पावणं, लाजताय काय?" या वाक्यात विनंती, दम आणि निदान तिन्ही आलं. तीन नकोंचा हिशेब बरोब्बर पाळतात, आणि वर पाहुणा निघताना भडंगाची पिशवी. मी सांगली-कोल्हापूरला 9 दिले. दहा दिले असते तर पक्षपात दिसला असता, नऊमध्ये तो दिसत नाही.

नातीने आकडे पाहिले. "आजोबा, चौघांना नऊ आहेत. एक सांगा ना."

मी म्हटलं, चौघांत पहिला ठरवायचा तर पुनर्तपासणी करावी लागेल, प्रवासभत्ता कोण देणार? तिने वैतागून इंदूरच्या मोकळ्या रकान्यावर पेन्सिल ठेवली. "आणि इथे?"

इंदूरचं खातं मला तोंडपाठ आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो 1985च्या डिसेंबरात. सकाळी पोहे, वर शेव आणि जिरावन, सोबत जिलबी. माणसाने पोह्यांबरोबर जिलबी का खावी, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला, दुसऱ्या दिवशी विचारला नाही. दुपारी जेवण. रात्री जेवण, पुरणपोळीचं, तिन्ही नकोंना न जुमानता. अकरा वाजता मी अंथरूण शोधत होतो तर मेहुणा चपला घालून दारात. "जिजाजी, चला, सराफ्यात." दिवसभर तिथे सोन्याची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांवर खाण्याचा बाजार. मी म्हटलं, मी पोटभर जेवलोय. तो म्हणाला, "जेवण झालं ना? मग आता खाऊ या." भुट्ट्याचा कीस, तळलेले गराडू, गरम जिलबी. रात्री दीड वाजता मी एका सराफाच्या पायरीवर बसून कबूल केलं, की होय, या गावात मुलगी पाहायला मी आलो होतो तेव्हा मला खरं काही दाखवलंच नव्हतं.

पण हे सगळं नात्यातलं. नियम म्हणजे नियम. ही बाजूला भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही नका देऊ मार्क. सरकारने दिलेत. 2017पासून 2023पर्यंत सलग सात वेळा देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर. बाहेरचं ऑडिट म्हणतात ना त्याला?"

"स्वच्छता हा माझ्या तपासणीचा विषय नाही," मी म्हणालो. "माझा विषय आग्रह."

"बरं," ती म्हणाली आणि उठली. एवढ्या चटकन ती कुठल्याच विषयातून उठत नाही, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

रात्री जेवायला पोहे होते. रात्री! वर जिरावन, बाजूला जिलबी. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, हात आडवा धरला. तिने माझ्या हाताभोवतीची ताटातली मोकळी जागा शोधून तिथे वाढलं. मग नातीला झोपवायला गेली. मी वही टेबलावर तशीच ठेवली, पेन तिच्यात खुणेला, आणि पोटावर हात ठेवून पडलो.

सकाळी वही उघडली. इंदूरच्या रकान्यात 10 लिहिलेले होते, निळ्या शाईत, शेजारी पूर्ण नावाने सही, तारीख, वेळसुद्धा. आणि सांगली-कोल्हापूरच्या 9चा कुणीतरी 6 केला होता. त्या खाडाखोडीवर सही नव्हती.